स्थूल अर्थशास्त्राचे वाचन : कोठून सुरुवात करावी, काय बाजूला ठेवावे

महागाई, व्याजदर, रुपयाचा विनिमय दर, सरकारची तूट आणि रोजगार यांविषयी रोज काही ना काही कानावर पडते. पण या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे नीट समजून घ्यायचे ठरवले की नवा वाचक बहुधा आडवाटेला लागतो. कोणी थेट ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सचा मूळ ग्रंथ हाती घेतो आणि पहिल्या काही प्रकरणांतच अडकून तो मिटून ठेवतो. कोणी वृत्तवाहिन्यांवरची भाकिते आणि शेअर बाजाराचे स्तंभ वाचत राहतो व त्यालाच अर्थशास्त्र समजतो. पुढे दिलेला वाचनक्रम अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या, शालेय शिक्षण मराठीतून झालेल्या आणि बेताचे इंग्रजी वाचू शकणाऱ्या वाचकासाठी आहे. त्यातील बहुतेक साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे.

या क्रमामागचे सूत्र एवढेच की पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण आणि त्याच विषयावर एखाद्या संस्थेने प्रसिद्ध केलेला मूळ दस्तऐवज यांची जोडी करून वाचावे. रेपो दराची (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते त्या दराची) व्याख्या वाचून झाली की त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेचे एखादे पतधोरण वाचावे. तुटीचे प्रकार वाचले की अर्थसंकल्पाचा तक्ता उघडावा. सगळे पाठ्यपुस्तक आधी संपवू आणि मग प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू, असे ठरवणाऱ्याची आकड्यांशी गाठ सहसा पडतच नाही.

पहिली पायरी : पातळ पाठ्यपुस्तक

सुरुवातीला बालभारतीचे बारावीचे अर्थशास्त्राचे पुस्तक पुरेसे आहे. ते मराठीत आहे, बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते आणि त्यातील निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार व भांडवल बाजार आणि परकीय व्यापार ही प्रकरणे आपल्या कामाची आहेत. मागणी, पुरवठा व बाजाराचे प्रकार हा सूक्ष्म अर्थशास्त्राचा भाग चाळून पुढे गेले तरी चालेल. एखादी संकल्पना फारच त्रोटक वाटली तर मराठी विश्वकोशातील नोंद पाहावी. तेथील आकडेवारी जुनी असली तरी संकल्पनांचे विवेचन बहुधा नेटके असते.

एकूण मागणीवरून देशाचे उत्पन्न कसे ठरते, हा स्थूल अर्थशास्त्राचा गाभा मात्र एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून वाचावा लागेल. ते इंग्रजी व हिंदीत आहे आणि त्यात उत्पन्न व रोजगार यांच्या निश्चितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे येणारा गुणक कागदावर स्वतः सोडवून पाहावा. लोक वाढीव उत्पन्नातील दर रुपयामागे ८० पैसे खर्च करतात असे धरले, तर सरकारने १०० रुपये जादा खर्च केल्यावर उत्पन्न १०० + ८० + ६४ अशा घटत्या टप्प्यांनी वाढत जाऊन एकूण वाढ ५०० रुपयांची होते. मग करांत आणि आयातीत काही पैसा दर फेरीला गळतो असे धरून तोच हिशेब पुन्हा करावा, म्हणजे प्रत्यक्षातला गुणक पाचपेक्षा खूप लहान का असतो हे उमगते. या एका हिशेबावर जो तास खर्च होईल तो पुढच्या वाचनात अनेक पटींनी वसूल होतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द. स्पर्धा परीक्षांसाठीची जाडजूड मार्गदर्शक पुस्तके महाराष्ट्रात कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात मिळतात आणि ती परीक्षेसाठी उपयुक्तही असतील; परंतु त्यांत व्याख्या, समित्यांची नावे आणि वर्षे यांची रास असते व एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीवर परिणाम कसा होतो हे क्वचितच सांगितलेले असते. ज्याला विषय समजून घ्यायचा आहे त्याने ती निदान पहिल्या वर्षी बाजूला ठेवावीत.

दुसरी पायरी : महागाईचा एकच आकडा, पण मुळापासून

नव्या वाचकाने सुरुवातीला सगळे आकडे वाचू नयेत. एकच निवडावा, आणि माझ्या मते तो किरकोळ महागाईचा असावा. कारण त्याची सत्यता तो आपल्या घरखर्चाशी ताडून पाहू शकतो आणि तो आकडा हाती आला की व्याजदराचे दार उघडते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास आधीच्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करते. वर्तमानपत्रात त्यातला मथळ्याचा आकडा येतो. मूळ पत्रकात गटवार तक्ते असतात, आणि तेच वाचायचे असतात. त्यासाठी आधी भार, म्हणजे एकूण घरखर्चात त्या गटाचा धरलेला वाटा, ही कल्पना पक्की करावी. २०१२ या पायाभूत वर्षाच्या (ज्या वर्षाची किंमतपातळी १०० धरतात त्या) मालिकेत अन्न व पेये या गटाचा भार ४५.८६ टक्के, गृहनिर्माणाचा १०.०७ टक्के आणि इंधन व प्रकाश यांचा ६.८४ टक्के होता. हे भार २०११-१२ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीवरून काढलेले होते आणि गृहनिर्माणाचा निर्देशांक फक्त शहरी भागापुरता होता. अशा बारकाव्यांकडे लक्ष गेले की आमच्या घरी तर खर्च याहून कितीतरी जास्त वाढला, या नेहमीच्या तक्रारीचे अर्धे उत्तर सापडते. सरकारी टोपली सरासरी कुटुंबाची असते, आणि ज्या घरात मुलांची फी, औषधे व घरभाडे यांवर मोठा खर्च होतो त्या घराची टोपली निराळी असते.

आता एक महिना जवळून पाहू. जुलै २०२३ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता आणि भाज्यांच्या किमती वर्षभरात ३७.३४ टक्क्यांनी वाढल्या होत्या. टोमॅटोने शंभरी केव्हाच ओलांडली होती. निर्देशांकात भाज्यांचा भार ६.०४ टक्के होता. हा भार आणि भाज्यांची ३७.३४ टक्के वाढ यांचा गुणाकार केला तर ढोबळ मानाने सव्वादोन टक्के येतात. म्हणजे साडेसात टक्क्यांच्या महागाईतला जवळजवळ एक तृतीयांश वाटा एकट्या भाज्यांचा होता. हा हिशेब काटेकोर नाही, कारण पायाभूत वर्षानंतर भाज्यांचा व एकूण निर्देशांक वेगवेगळ्या गतीने वाढलेला असतो, पण दिशा कळण्यास तो पुरतो. त्यावरून पुढचा प्रश्न आपोआप पडतो : टोमॅटोचे पीक पावसाने हातचे गेले असेल, तर व्याजदर वाढवून टोमॅटो स्वस्त कसा होणार? हाच प्रश्न पतधोरण समितीतही विचारला जातो, आणि म्हणून अन्न व इंधन वगळून काढलेली महागाई वेगळी पाहण्याची पद्धत पडली.

याच प्रकरणाची दुसरी बाजू महाराष्ट्रात दिसली. भाववाढ कांद्यापर्यंत पोचू नये म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, आणि नाशिक जिल्ह्यात लासलगावसह अनेक बाजार समित्यांमधील लिलाव बंद पडले. ग्राहक किंमत निर्देशांकाचे पत्रक आणि त्याच आठवड्यातील नाशिकच्या बातम्या शेजारी ठेवून वाचल्या, तर महागाई कमी करण्याची किंमत कोण मोजतो हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्टपणे समोर येतो.

आणखी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे होत नाही. निर्देशांक १५० वरून १५६ वर गेला तर दर ४ टक्के, आणि पुढच्या वर्षी १५९ वर गेला तर दर २ टक्क्यांच्याही खाली, पण वस्तू महागच झालेल्या असतात. दुसरे असे की पायाभूत वर्ष आणि भार वेळोवेळी बदलले जातात, त्यामुळे दोन काळांची तुलना करण्यापूर्वी तक्त्याच्या डोक्यावरील पायाभूत वर्ष वाचण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरी पायरी : रिझर्व्ह बँकेचा दस्तऐवज

२०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती अस्तित्वात आली. तिचे तीन सदस्य बँकेतले आणि तीन बाहेरचे असतात व मते समसमान पडल्यास गव्हर्नरांचे मत निर्णायक ठरते. महागाई ४ टक्के राखणे, आणि ती २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर जाऊ न देणे, हे उद्दिष्ट तिला तेव्हा नेमून देण्यात आले. साधारणपणे दर दोन महिन्यांनी समितीचा ठराव प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चौदाव्या दिवशी बैठकीचे इतिवृत्त येते, ज्यात प्रत्येक सदस्याने आपले मत का दिले ते लिहिलेले असते.

ताजे पतधोरण वाचण्याऐवजी नवख्याने २०२२ सालचे एप्रिल, मे आणि जून हे तीन ठराव ओळीने वाचावेत. त्यांचा शेवट आपल्याला माहीत असल्यामुळे लेखकांचा अंदाज कोठे चुकला हे पाहता येते. ८ एप्रिलच्या ठरावात रेपो दर ४ टक्क्यांवर कायम ठेवला गेला आणि २०२२-२३ या वर्षासाठी महागाईचा अंदाज ५.७ टक्के दिला गेला. त्यामागे सामान्य पाऊसमान आणि खनिज तेल पिंपामागे १०० डॉलर ही गृहीतके होती. रशियाने युक्रेनवर आक्रमण करून तेव्हा दीड महिना झाला होता. महिनाही उलटला नाही तोच समितीने वेळापत्रकाबाहेर बैठक घेतली आणि ४ मे रोजी रेपो दर एकदम ४.४० टक्क्यांवर नेला. ८ जूनच्या ठरावात तो ४.९० टक्के झाला, तेलाचे गृहीतक १०५ डॉलरवर गेले आणि महागाईचा अंदाज ६.७ टक्के झाला. दोन महिन्यांत अंदाजात एक संपूर्ण टक्क्याची भर पडली, आणि वर्षअखेर प्रत्यक्ष सरासरी महागाई ६.७ टक्क्यांच्या आसपासच भरली.

हे तिन्ही ठराव वाचताना एका वहीत तीन रकाने आखावेत : समिती काय गृहीत धरते, काय ठरवते आणि कशाची भीती व्यक्त करते. तिसरा रकाना सर्वांत बोलका असतो. एप्रिलच्या ठरावात नोंदवलेल्या जोखमी जूनच्या ठरावात घडलेल्या घटना म्हणून येतात, आणि मग धोरणकर्त्यांची भाषा कशी वाचायची याचा अंदाज येऊ लागतो.

इतिवृत्ताचा स्वाद घेण्यासाठी फेब्रुवारी २०२३ ची बैठक निवडावी. रेपो दर ६.२५ वरून ६.५० टक्के करण्याचा निर्णय चार विरुद्ध दोन मतांनी झाला. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या दोन बाह्य सदस्यांनी वाढीच्या विरोधात मत दिले. समोरची आकडेवारी सहाही जणांना सारखीच होती. तीच आकडेवारी पाहून जाणकार माणसे वेगळ्या निष्कर्षांवर का येतात, हे त्या सहा निवेदनांतून जितके कळते तितके कोणत्याही चर्चासत्रातून कळत नाही.

पतधोरण कळण्यासाठी बँका पैसा कसा निर्माण करतात हेही कळावे लागते. शालेय पुस्तकांत असे सांगतात की लोक ठेवी ठेवतात, बँक त्यांतला काही भाग राखीव ठेवून उरलेला कर्जाऊ देते व असे करत पैसा वाढतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात एक लेख प्रसिद्ध करून हे चित्र उलट असल्याचे स्पष्ट केले : बँक कर्ज मंजूर करते तेव्हाच कर्जदाराच्या खात्यात ठेव जमा होते, आणि कर्ज देण्याला मर्यादा पडते ती नफा, भांडवलाचे नियम, कर्जदारांची मागणी आणि मध्यवर्ती बँकेचा व्याजदर यांमुळे. लेख छोटा आहे, सोप्या इंग्रजीत आहे आणि बँकेच्या संकेतस्थळावर मिळतो. तो वाचल्यावर पाठ्यपुस्तकातले प्रकरण पुन्हा वाचावे.

चौथी पायरी : जीडीपी, सावधपणे

जीडीपीचे, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाचे, तिमाही आकडे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या अखेरीस येतात आणि त्यांच्यावरून सर्वांत जास्त गैरसमज पसरतात. एक उदाहरण मनात ठेवले तरी बरेचसे गैरसमज टळतात. टाळेबंदीच्या एप्रिल-जून २०२० या तिमाहीत अर्थव्यवस्था आधी जाहीर झाल्याप्रमाणे २३.९ टक्क्यांनी, तर वर्षभरानंतरच्या सुधारित आकड्यानुसार २४.४ टक्क्यांनी आक्रसली. पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली आणि काही मथळ्यांनी तिला विक्रमी म्हटले. २०१९ च्या तिमाहीचे उत्पादन १०० धरले तर ते आधी ७५.६ वर आले आणि तेथून २०.१ टक्के वाढून ९०.८ झाले, म्हणजे त्या विक्रमी वाढीनंतरही अर्थव्यवस्था दोन वर्षांपूर्वीच्या पातळीपेक्षा नऊ टक्क्यांनी खालीच होती. वाढीचा दर दिसला की ही वाढ कशाच्या तुलनेत, हे आधी पाहावे.

आकडा मोजण्याची पद्धतही बदलते. जानेवारी २०१५ मध्ये पायाभूत वर्ष २००४-०५ वरून २०११-१२ करण्यात आले आणि २०१३-१४ या एकाच वर्षाचा वाढीचा दर जुन्या मालिकेतील ४.७ टक्क्यांवरून नव्या मालिकेत ६.९ टक्के झाला. यावर अर्थतज्ज्ञांत बरीच खडाजंगी झाली. नव्या वाचकाने त्या वादात बाजू घेण्याची घाई करू नये, पण चालू किमती (त्या त्या वर्षीच्या) व स्थिर किमती (पायाभूत वर्षाच्या) यांतील फरक आणि त्यांना जोडणारा किंमत निर्देशांक कसा निवडतात, हे त्या निमित्ताने वाचून घ्यावे.

पाचवी पायरी : अर्थसंकल्पाचा एक तक्ता

अर्थसंकल्पाच्या दिवशी भाषण ऐकण्यात दोन तास घालवण्यापेक्षा 'बजेट अ‍ॅट अ ग्लान्स' या पुस्तिकेचा पहिला तक्ता वाचावा. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष असे रकाने असतात, आणि मागच्या वर्षीचे वचन व प्रत्यक्ष यांची तुलना तेथेच करता येते.

२०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज घ्या. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये, कर्ज वगळून जमा ३४.९६ लाख कोटी, म्हणून राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के. आता व्याजाची ओळ शोधा : १२.७६ लाख कोटी. तुटीतून व्याज वजा केले की प्राथमिक तूट फक्त २.९३ लाख कोटी उरते. म्हणजे वर्षभरात जेवढे नवे कर्ज काढायचे त्यातल्या चार पंचमांशाहून जास्त रकमेइतके जुन्या कर्जाचे व्याजच आहे. सरकारची तूट चांगली की वाईट या वादात पडण्याआधी ही वजाबाकी प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करावी, असा माझा आग्रह असतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला आणखी एक सोय आहे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाआधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध करते आणि ती मराठीतही असते. राज्य उत्पन्न, दरडोई उत्पन्न, शेती, उद्योग, राज्यावरील कर्ज यांचे तक्ते तिच्यात असतात आणि जिल्हावार उत्पन्नाचा तक्ताही असतो. आपल्या जिल्ह्याची ओळ मुंबई व पुण्याच्या ओळींशी लावून पाहिली की सरासरी या शब्दामागे किती दडलेले असते ते कळते. केंद्राची आर्थिक पाहणी याहून मोठी आणि अधिक वादविषयक असते. तिच्यातले एखादेच प्रकरण निवडून वाचावे.

मराठीत नियमित वाचण्यासाठी पुण्याच्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची अर्थबोधपत्रिका आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेचे अर्थसंवाद ही नियतकालिके आहेत. जिल्हा ग्रंथालयात वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांचे जुने अंक मिळाले तर ते आधी चाळावेत.

सहावी पायरी : पूर्ण झालेले एक संकट

एवढे वाचन झाले की सुटे तुकडे एकत्र बांधण्यासाठी एखादी पूर्ण घडून गेलेली घटना अनेक बाजूंनी वाचावी. भारतीय वाचकासाठी १९९१ च्या संकटासारखा दुसरा पाठ नाही, कारण त्यात तूट, महागाई, विनिमय दर, परकीय कर्ज आणि राजकारण हे सगळे एका वर्षात एकत्र आले.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर ताबा मिळवला, तेल महागले आणि आखातातून येणारा पैसा आटला. १९९०-९१ मध्ये चालू खात्यावरील तूट (आयात, सेवा, व्याज यांपोटी बाहेर जाणारा पैसा निर्यात, सेवा व परदेशस्थांनी धाडलेल्या रकमांतून येणाऱ्या पैशापेक्षा जितका जास्त तो फरक) जीडीपीच्या सुमारे ३ टक्के होती, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते आणि १९९१ च्या मध्यापर्यंत परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्यात १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला.

वाचनाचा क्रम असा ठेवावा. आधी त्या अर्थसंकल्पीय भाषणाचा मजकूर, मग १९९१-९२ ची आर्थिक पाहणी, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचा १९८१ ते १९९७ या काळावरचा चौथा खंड. हा खंड बँकेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. सगळा वाचण्याचे कारण नाही, व्यवहारतोल आणि विनिमय दर यांवरची प्रकरणे पुरतात. सरकारच्या आतून लिहिलेला वृत्तान्त हवा असेल तर जयराम रमेश यांचे १९९१ वरचे पुस्तक वाचावे, मात्र लेखक त्या काळी पंतप्रधान व अर्थमंत्र्यांच्या कार्यालयांशी निगडित होता हे ध्यानात ठेवूनच.

त्यानंतर मुद्दाम २०१३ कडे यावे. मे महिन्यात फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले आणि ऑगस्टअखेर डॉलरचा भाव ६८ रुपयांपलीकडे गेला. आधीच्या वर्षात, २०१२-१३ मध्ये, चालू खात्यावरील तूट जीडीपीच्या ४.८ टक्के होती. म्हणजे १९९०-९१ पेक्षा बरीच मोठी. तरीही सोने गहाण ठेवण्याची वेळ आली नाही. तेव्हा गंगाजळी २७५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, आणि रुपया ठरावीक दराला बांधलेला नसल्यामुळे धक्क्याचा मोठा भाग विनिमय दराने सोसला. तुटीचा एकटा आकडा संकट सांगत नाही; ती कशाने भागवली जाते आणि मागे साठा किती आहे हे पाहावे लागते. डी. सुब्बाराव यांनी ५ सप्टेंबर २००८ ला गव्हर्नरपद स्वीकारले, दहा दिवसांत लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली, आणि त्यांची मुदत संपली ती २०१३ च्या याच गदारोळात. 'हू मूव्ह्ड माय इंटरेस्ट रेट?' हे त्यांचे पुस्तक दोन्ही टोकांची हकिकत निःसंकोच सांगते आणि अर्थ मंत्रालय व बँक यांच्यातील ताणाविषयीही बोलते.

सातवी पायरी : मतभेदांचे मूळ ग्रंथ

मूळ ग्रंथ येथपर्यंत पुढे ढकलण्याचे कारण त्यांचा कठीणपणा एवढेच नाही. ते कोणाशी वाद घालत होते हे माहीत नसताना त्यांची वाक्ये सुभाषितांसारखी वाटू लागतात. १९२९ नंतरच्या महामंदीची गोष्ट आधी कळावी म्हणून लियाकत अहमद यांचे 'लॉर्ड्स ऑफ फायनान्स' वाचावे. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या चार मध्यवर्ती बँकप्रमुखांभोवती ते गुंफलेले आहे आणि कादंबरीसारखे वाचले जाते. मग १९३६ च्या केन्सच्या 'जनरल थिअरी'तील बारावे प्रकरण घ्यावे, जे दीर्घकालीन अपेक्षा आणि शेअर बाजार यांवर आहे व ज्याला गणित लागत नाही. त्याला उत्तर म्हणून मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांच्या १९६३ च्या अमेरिकी चलनाच्या इतिहासातील महामंदीवरचे प्रकरण वाचावे. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतला चलनसाठा सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि फेडरल रिझर्व्हने तो घटू दिला, हा त्यांचा आरोप. मंदीत मागणी आधी ढासळते की पैसा, या प्रश्नावर आजही एकमत नाही.

मराठी वाचकाने याच पायरीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ घ्यावा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधातून तो आला आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात तो आहे. केन्सने १९१३ मध्ये भारताच्या चलनावर लिहिताना सुवर्ण विनिमय प्रमाणाची भलामण केली होती. या व्यवस्थेत देशात रुपयाच चालवायचा, पण परदेशी देण्यांसाठी तो ठरावीक दराने सोन्याशी बांधलेल्या पौंडात बदलून द्यायचा. आंबेडकरांनी त्याच व्यवस्थेवर हल्ला चढवला, कारण तिच्यात नवे रुपये चलनात आणण्यावर सरकारला पुरेसा लगाम नाही आणि त्यामुळे रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे भारताच्या चलनव्यवस्थेची तपासणी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली, आणि त्या आयोगाच्या शिफारशींतून वाट निघत १९३४ चा रिझर्व्ह बँक कायदा झाला. पतधोरण समितीची इतिवृत्ते वाचून आलेल्या वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल : चलन काढणाऱ्याला नियमाने बांधावे की त्याच्या विवेकावर सोडावे.

ग्रंथ पहिल्या पानापासून वाचू नये. पाचवे आणि सहावे प्रकरण आधी वाचावे, कारण सुवर्ण विनिमय प्रमाण कसे आले आणि ते स्थिर आहे का, हा मूळ वाद तेथे आहे. त्यानंतर मागे येऊन पहिली चार प्रकरणे क्रमाने घ्यावीत. त्यांत रुप्याचे, म्हणजे चांदीचे, भाव १८७० च्या दशकापासून घसरत गेल्यावर इंग्लंडला द्यावयाच्या रकमांचा रुपयांतील बोजा कसा वाढत गेला, आणि अखेर १८९३ मध्ये सरकारने लोकांनी आणलेल्या रुप्याची टांकसाळीत नाणी पाडून देणे का बंद केले, याचा तक्त्यांसह हिशेब दिलेला आहे. ते तक्ते वही घेऊन वाचावेत. शेवटचे सातवे प्रकरण, ज्यात आंबेडकर स्वतःची उपाययोजना मांडतात, ते मात्र हे सगळे झाल्यावरच उघडावे.